हवेत बुडालेलं मूल : ब्लॅक मँटाच्या एका सापळ्याचा अभ्यास

समुद्राच्या तळाशी एक पारदर्शक गोल आहे. गोलात एक तान्हं मूल आहे आणि गोलातलं पाणी हळूहळू कमी होतंय. पाण्याची जागा हवा घेतेय. हे मूल पाण्यात श्वास घेणारं आहे, त्यामुळे माणसाच्या बाळाला जी हवा जगवते तीच त्याला गुदमरवून मारणार आहे. बाहेर त्याचा बाप उभा आहे आणि समोर त्याने पोटच्या पोरासारखा वाढवलेला दुसरा मुलगा. दोघांनी एकमेकांशी मरेपर्यंत लढायचं. एक मेला तरच बाळ सुटेल.

ही 1977 सालच्या 'अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स'च्या 452 व्या अंकातली गोष्ट. लेखक डेव्हिड मिशेलिनी, चित्रकार जिम अपारो. बाप म्हणजे अ‍ॅक्वामन, समुद्रावर राज्य करणारा अमेरिकन कॉमिक्समधला महानायक. दुसरा मुलगा अ‍ॅक्वालॅड, गोलातलं बाळ आर्थर ज्युनियर. सापळा लावणारा त्याचा शत्रू ब्लॅक मँटा. बाळ वाचत नाही.

समुद्री खलनायकांचा विषय निघाला की चर्चा लगेच शक्तींवर जाते. कोण किती खोल जातो, कोणाला किती टनांचं बळ आहे, कोण लाटा उठवतो. मँटा या मापात कुठेच बसत नाही. त्याच्याकडे जन्मजात शक्ती एकही नाही. कल्ले नाहीत, माशांशी बोलता येत नाही, राजवंशाचं रक्त नाही. तरी अ‍ॅक्वामनच्या ऐंशीहून जास्त वर्षांच्या इतिहासात त्याला सगळ्यात खोल जखम याच माणसाने दिली. ती कशी दिली, हे या एका प्रसंगातून नीट उलगडतं.

दोघांची पार्श्वभूमी

अ‍ॅक्वामन नोव्हेंबर 1941 च्या 'मोअर फन कॉमिक्स'च्या 73 व्या अंकात आला. मॉर्ट वाइझिंगर आणि पॉल नॉरिस हे त्याचे निर्माते. साठच्या दशकात त्याचा संसार कागदावर उभा राहिला. 1964 मध्ये मेराशी लग्न, 1965 मध्ये मुलगा. त्या काळात बाकीचे नायक ओळख लपवत प्रेयसीला टांगून ठेवत होते, आणि हा मात्र बायको-मुलासह राज्य करत होता. त्याचं हे वेगळेपण मला फार मोलाचं वाटतं. मँटाने नेमका त्यावरच घाव घातला.

मँटा 1967 मध्ये 'अ‍ॅक्वामन'च्या 35 व्या अंकात आला. लेखक बॉब हेनी, चित्रकार निक कार्डी. त्याच्या आदल्याच वर्षी ओशन मास्टर आला होता, अ‍ॅक्वामनचा सावत्र भाऊ. त्याचं भांडण समजायला सोपं आहे, भाऊबंदकी आणि गादी. मँटाला असं काही दिलंच नव्हतं. काळा चुस्त पोशाख, प्रचंड मोठं डोकं वाटावं असं हेल्मेट, त्यात दोन लाल गोल डोळे, आणि मँटा माशाच्या आकाराची पाणबुडी. नाव नाही, चेहरा नाही, कारण नाही. दहा वर्षं तो असाच वावरला.

ज्या माशाचं नाव त्याने घेतलं तो बिचारा निरुपद्रवी आहे. आपल्याकडे पाकट म्हटलं की शेपटीचा विषारी काटा आठवतो. मँटा त्याच कुळातला, पण त्याला नांगीच नसते. खुल्या समुद्रातला मोठा मँटा सात मीटरपर्यंत रुंद होतो आणि तोंड उघडून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो. खालून पाहिलं तर डोक्यावर काळं छत सरकत गेल्यासारखं दिसतं, आणि डोक्यापुढच्या शिंगांसारख्या परांमुळे खलाशी त्याला सैतानमासा म्हणत. मँटाचा पोशाख त्या आकाराचा धाक तेवढा उचलतो.

पोशाख खरा असता तर

मँटाच्या 'शक्ती' म्हणजे त्याचा पोशाख. तो खोल पाण्यातला दाब सोसतो, श्वास पुरवतो, अंगात बळ आणतो आणि हेल्मेटच्या डोळ्यांतून जाळणारे किरण सोडतो. यातलं काय पटण्यासारखं आहे ते तपासायला हवं, कारण त्यातूनच कळतं की या माणसाला भीतिदायक बनवणारी गोष्ट पोशाखात नाही.

आधी दाब. समुद्रात दर 10 मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. 300 मीटरवर पृष्ठभागाच्या 31 पट दाब असतो. तिथे माणसाला ठेवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, त्याला त्याच दाबाचा वायू श्वासात द्यायचा आणि शरीराला तो दाब घेऊ द्यायचा. तेलविहिरींवरचे पाणबुडे असंच काम करतात, हेलियम मिसळलेल्या वायूवर. पण मग वर येताना घाई चालत नाही. शरीरात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडू लागला तर सांधे, मज्जारज्जू, जीव, काहीही जाऊ शकतं. त्यासाठी दाबाच्या कोठडीत दिवसच्या दिवस काढावे लागतात. मँटा मात्र खोल दरीतून थेट दीपगृहाच्या कट्ट्यावर येऊन उभा राहतो.

म्हणजे दुसरा मार्ग उरतो : पोशाखच कडक कवचासारखा करायचा आणि आत पृष्ठभागाइतकाच दाब ठेवायचा. असे पोशाख खरोखर आहेत आणि गंमत म्हणजे ही गोष्ट छापली गेली त्याच दशकात ते तेलाच्या उद्योगात वापरात येत होते. 'जिम' नावाचा पोशाख घालून सिल्विया अर्ल 1979 मध्ये हवाईतल्या ओआहू बेटाजवळ 381 मीटरवर समुद्रतळावर चालल्या. 2006 मध्ये अमेरिकी नौदलाचा पाणबुड्या अशाच प्रकारच्या नव्या पोशाखात 610 मीटरपर्यंत उतरला. पण जिमचा फोटो पाहा. धातूचं फुगीर धड, सांध्यांवर जाडजूड कडी, हातांच्या जागी चिमटे. त्यात माणूस पावलं टाकतो, तलवारबाजी करत नाही. चित्रकारांनी मँटाला अंगाला चिकटलेला पोशाख दिला आणि फक्त हेल्मेट अवाढव्य ठेवलं. दाबाच्या हिशेबात उलटं हवं होतं. छातीची पोकळी आधी चेपते.

किरणांचं गणित त्याहून अवघड आहे. ते लाल आहेत. समुद्रात सगळ्यात आधी मरतो तो लाल रंग. स्वच्छ पाण्यातही दहा मीटर अंतरात लाल प्रकाशाचा बहुतेक भाग शोषला जातो, म्हणून खोलावर काढलेल्या फोटोंत सगळं निळं-हिरवं दिसतं. पाण्याखाली लेसर वापरायचा तर तो निळा-हिरवा निवडतात. शिवाय पाण्याला तापवणं महागात पडतं. समजा किरण पाच सेंटिमीटर जाडीचा आहे आणि शत्रू दहा मीटरवर आहे. मधे साधारण 20 लिटर पाणी आलं. किरणाने वाटेतल्या त्या पाण्याची वाफ करत जायचं म्हटलं तर एका फटक्याला सुमारे 51 मेगाज्यूल लागतात, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 14 युनिट. आणि वाफ झाली की बाजूचं पाणी तिथे धावून येणारच.

मँटाच्या पोशाखातलं सगळ्यात गाजलेलं हत्यार समुद्रातच सगळ्यात कमजोर ठरावं! ते किनाऱ्यावर उत्तम चालेल. 1977 च्या सापळ्यात मात्र घाव घालण्यासाठी त्याने किरण वापरले नाहीत, काहीच जाळलं नाही.

सापळा कसा चालतो

त्या गोलातलं जीवशास्त्र लेखकाने फार समजवून सांगितलेलं नाही, पण ते भक्कम आहे. एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात तो पाच ते आठ मिलिलिटरच्या आसपास विरघळलेला असतो. हवेत पंचवीस ते चाळीस पट जास्त ऑक्सिजन असूनही मासा हवेत गुदमरतो. कारण कल्ल्यांची रचना. नुकताच होडीत पडलेला बांगडा हातात घेऊन गालावरचं झाकण उचललं तर आत लालभडक, कंगव्यासारखे दाते दिसतात आणि त्या प्रत्येक दात्यावर नखाएवढीही जाडी नसलेल्या पापुद्र्यांच्या रांगा असतात. पाण्यात हे पापुद्रे सुटे तरंगतात आणि सगळ्या बाजूंनी पाणी खेळतं. हवेत आल्याबरोबर ते एकमेकांना चिकटतात. श्वास घ्यायची जागा एकदम आक्रसते. तोंडाची उघडझाप चालू राहते आणि आत काही जात नाही.

आर्थर ज्युनियरला नेमके कसले कल्ले होते हे कॉमिक सांगत नाही. पण त्याच्या मरणाची रीत हीच. हाताशी प्राणवायू भरपूर, तरी तो घेता न येणं.

आता बापाच्या जागेवरून बघू. अ‍ॅक्वामनचं बळ, पोहण्याचा वेग, जलचरांवरची हुकमत, हे सगळं त्याच्याजवळ शाबूत आहे. तो समुद्रात आहे, स्वतःच्या घरात. गोल फुटला असता तर पाणी आत आलं असतं आणि मूल वाचलं असतं. म्हणजे वाचवण्याची कृती त्याच्या ताकदीला झेपणारी होती. मँटाला एवढंच साधायचं होतं की या माणसाचे हात दुसरीकडे गुंतलेले राहावेत आणि वेळ निघून जावी. त्यासाठी त्याने अ‍ॅक्वामनपुढे दुसरं काम टाकलं : हा मुलगा मारून तो मुलगा घे.

सापळ्याचं खरं यंत्र मला इथे दिसतं. गोल आणि हवा हे घड्याळ झालं. पेच अ‍ॅक्वालॅडचा आहे. अ‍ॅक्वालॅड म्हणजे गार्थ, हा अनाथ पोर 1960 मध्ये अ‍ॅक्वामनच्या आयुष्यात आला. आर्थर ज्युनियरच्या पाच वर्षं आधीपासून तो त्या घरात आहे. मँटाने रक्ताचा मुलगा आणि सांभाळलेला मुलगा तराजूत टाकले. अ‍ॅक्वामन कसाही वागला तरी त्या घरात कोणीतरी तुटणार होतंच. तो लढला तर गार्थला कळणार की वेळ आल्यावर बाप आपल्यावर हात उगारू शकतो. नाही लढला तर मेराला कळणार की त्याने हात आवरला आणि बाळ गेलं. मँटाने न्याय्य वाटावा असा एकही पर्याय शिल्लक ठेवला नाही, आणि ठेवलेल्या पर्यायांवरही वेळेची कात्री लावली.

हे करायला शक्ती लागत नाही. समोरच्याच्या घराची माहिती लागते. अ‍ॅक्वामनचे बाकीचे शत्रू त्याच्या राज्याकडे बघत होते. मँटा त्याच्या घरात कोण कोण राहतं हे बघत होता.

हेल्मेट उतरतं तेव्हा

याच अंकात मँटा पहिल्यांदा हेल्मेट काढतो आणि आत कृष्णवर्णीय माणूस दिसतो. तो सांगतो की जमिनीवर ज्यांना दडपलं गेलं त्या आपल्या लोकांसाठी त्याला समुद्राखाली राज्य उभारायचंय. 1977 च्या अमेरिकेत हे वाक्य हलकं नव्हतं. नागरी हक्कांचे मोठे कायदे होऊन जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती.

लेखकाने ही गोष्ट पुढे निभावली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मँटाच्या हाताखालच्या कॅल डरहॅमला लवकरच उमगतं की हे स्वप्न केवळ माणसं जमवण्यापुरतं होतं, मालकाला स्वतःच्या सत्तेपलीकडे काही नको आहे. कॅल त्याची साथ सोडतो. खलनायक खोटारडा निघाला यात गैर काही नाही. पण मुख्य प्रवाहातल्या कॉमिकमध्ये काळ्या खलनायकाच्या तोंडी एक खरी वेदना घालायची, त्याच अंकात त्याच्या हातून तान्हं मूल मारायचं आणि मग वेदनाही खोटी ठरवून मोकळं व्हायचं, यात त्या वेदनेवर अन्याय झाला. कॅल डरहॅमच्या नजरेतून ही सगळी गोष्ट सांगितली असती तर ती किती मोठी झाली असती! फसवल्या गेलेल्या माणसाकडे राग आणि लाज दोन्ही असतात. त्याला काही पानं मिळाली आणि विषय मागे पडला.

पडसाद

मूल गेल्याचं पुढे 'अ‍ॅक्वामन'च्या 57 व्या अंकात पक्कं होतं. मेरा उपायाच्या शोधात स्वतःच्या मूळ जगात गेली, पण उपाय उपयोगी पडला नाही. अ‍ॅक्वामन मँटाच्या मागावर सुटला, त्याच्यापर्यंत पोचला, आणि त्याने त्याला मारलं नाही.

कॉमिकमध्ये मेलेली माणसं परत येतात, हा तिथला रिवाज आहे. मोठमोठे नायक वर्षभरात परतलेत. हे बाळ मूळ कथेत परतलं नाही. म्हणून ही गोष्ट चाळीस वर्षांहून जास्त काळ जड राहिली. 1989 च्या लघुमालिकेत मेरा पुत्रशोकाने भ्रमिष्ट झालेली आणि नवऱ्याला दोष देणारी दिसते. त्यानंतरच्या काळात लेखक बदलले, अ‍ॅक्वामनने हात गमावला, दाढी वाढवली, गादी सोडली आणि परत घेतली. संसार मात्र पूर्वीसारखा कधीच सावरला नाही. एका अंकातल्या सापळ्याने पात्राचा पुढचा सगळा स्वभाव ठरवला अशी उदाहरणं या माध्यमात फार नाहीत.

आणि या जड गोष्टीचं ओझं लेखकांना पेलेना, असं दिसतं. प्रत्येक पिढीला वाटलं की एवढं क्रूर कृत्य करणाऱ्याला काहीतरी कारण द्यायला हवं, किंवा काहीतरी शक्ती तरी. 1995 मध्ये त्याने नेरॉन नावाच्या सैतानाला आत्मा विकला आणि तो खराखुरा मानव-मँटा झाला, पंख-बिंख फुटलेला. माझ्या लेखी हा त्या पात्राचा सगळ्यात कमकुवत काळ. सामान्य शरीराचा माणूस समुद्राच्या राजाला हरवतो यात जो थरार होता, तो राक्षसी रूप दिल्याबरोबर संपला. सुदैवाने ते फार टिकलं नाही.

नव्वदच्या दशकातली एक मूळकथा चांगली होती. बाल्टिमोरचा एक मुलगा, पळवून जहाजावर राबवला गेलेला. एकदा दूर पाण्यात डॉल्फिनसोबत अ‍ॅक्वामन दिसतो. मुलगा हात हलवतो, मदत मागतो. अ‍ॅक्वामनला तो दिसत नाही. यात दोष कोणाचाच नाही आणि म्हणूनच ती टोचते. तिच्या जागी 2003 मध्ये आणलेली कथा मला अजिबात मान्य नाही. तिच्यात मँटा लहानपणी स्वमग्न होता आणि चुकीच्या उपचारांनी हिंसक झाला असं दाखवलंय. स्वमग्नतेला क्रौर्याच्या शेजारी बसवणं हे खऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या वाट्याला येणारा त्रास वाढवणारं आहे. ती कथा मागे पडली हे बरंच झालं.

2012 मध्ये जेफ जॉन्स आणि इव्हान रीस यांनी सगळा हिशेबच उलटा मांडला. या आवृत्तीत मँटाला पैसे देऊन तरुण आर्थरच्या रक्ताचा नमुना आणायला पाठवलं जातं. त्या झटापटीत आर्थरच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो आणि ते पुढे दगावतात. संतापलेला आर्थर रात्री मँटाच्या बोटीवर चालून जातो आणि अंधारात मँटा समजून त्याच्या बापाला मारतो. आता दोघांच्या हाताला एकमेकांच्या बापाचं रक्त आहे. 2018 च्या चित्रपटानेही हाच गाभा घेतला. आपल्याकडे बहुतेकांची मँटाशी ओळख त्याच चित्रपटातून झाली. त्यात पाणबुडीत अडकलेल्या बापाला अ‍ॅक्वामन मरू देतो आणि याह्या अब्दुल-मतीनने साकारलेला डेव्हिड केन, म्हणजे मँटा, ते डोळ्यांदेखत बघतो.

या बदलाने मँटाला कारण मिळालं, आणि ते पटणारं आहे. तरी 1977 च्या प्रसंगाशेजारी ठेवलं तर एक फरक लक्षात येतो. 2012 चा अ‍ॅक्वामन चुकला म्हणून भोगतो. 1977 च्या अ‍ॅक्वामनची चूक कोणतीच नव्हती. त्याने संसार केला होता, एवढंच. दुसरं दुःख जास्त खरं वाटतं, निदान मला.

मँटाच्या बाजूने या प्रकरणात आणखी एक नोंद 2010 ची आहे. त्या वर्षी जॅक्सन हाइड हे पात्र कॉमिकमध्ये आणि टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेशन मालिकेत जवळपास एकाच वेळी आलं. कॉमिकमधला जॅक्सन न्यू मेक्सिकोच्या रखरखीत मुलखात वाढतो. पाळणारे आईबाप त्याला पाण्यापासून जपून दूर ठेवतात, आणि त्यामागे कारण आहे. त्याच्या मानेवर कल्ले आहेत, बोटांमध्ये पडदे आहेत. तो मँटाचा सख्खा मुलगा आहे. ज्याने दुसऱ्याचं पाण्यात श्वास घेणारं मूल हवेत मारलं, त्याचं स्वतःचं मूल पाण्यात श्वास घेतं. अ‍ॅक्वामन त्याला ओळख पटल्यावरही झिडकारत नाही. तो त्याला शिकवतो आणि गार्थने सोडलेलं अ‍ॅक्वालॅड हे नाव पुढे याच मुलाला मिळतं.